सेन्सर फाइल म्हणून माउंट करायचा, की एपीआयमधून द्यायचा?

नाशिकजवळच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात आम्ही दहा तापमान सेन्सर लावले. डीएस१८बी२० हा नेहमीचा, वन-वायरवर (अनेक सेन्सर एकाच डेटाच्या तारेवर जोडण्याची पद्धत) चालणारा सेन्सर. सगळे एकाच केबलवर, डेटा आणि पॉवरच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि टोकाला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’). जोडणी एका दिवसात झाली. खरी चर्चा झाली ती हे आकडे लोकांपर्यंत पोचवायचे कसे यावर. मॅनेजरला सकाळी एक्सेलमध्ये भरायला हवेत, इलेक्ट्रिशियनला कॉम्प्रेसरवर काम करताना त्या क्षणाचं रीडिंग हवं, आणि रात्री तापमान चढलं तर कुणाला तरी जाग आली पाहिजे.

असाच निर्णय तुमच्यासमोर असेल, तर पर्याय साधारण तीन. ओडब्ल्यूएफएस हे सॉफ्टवेअर वापरून सेन्सर फोल्डर आणि फाइल म्हणून दाखवणं (यालाच माउंट करणं म्हणतात), एचटीटीपी एपीआय लिहिणं, म्हणजे वेबच्या पद्धतीने विचारलं की प्रोग्रामने उत्तर देणं, किंवा एमक्यूटीटी या निरोप पाठवण्याच्या प्रोटोकॉलवर आकडे पाठवत राहणं. माझं मत आधीच सांगतो: वाचण्यासाठी फाइल उत्तम, हुकूम देण्यासाठी फाइल नको, आणि अलार्म फाइलच्या भरवशावर ठेवायचा नाही.

फाइलचं सुख काय असतं ते आधी बघू. माउंट केल्यावर प्रत्येक सेन्सरचं एक फोल्डर दिसतं. नावाची सुरुवात २८ ने, कारण २८ हा या जातीच्या सेन्सरचा कोड, आणि पुढे त्या एकट्या सेन्सरचा कारखान्यातून आलेला नंबर. आत ‘टेम्परेचर’ नावाची फाइल. ती वाचली की अंशांत आकडा मिळतो. लायब्ररी लागत नाही, टोकन लागत नाही, जेसनच्या साच्यातून आकडा उलगडावा लागत नाही. शेल, पायथन, क्रॉन, ज्याला फाइल उघडता येते त्याला सेन्सर वाचता येतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने प्रोग्रामिंग कधी केलेलं नाही, पण ‘कॅट’ ही फाइल वाचून दाखवणारी एक कमांड शिकून तो पाच मिनिटांत स्वतः रीडिंग घेऊ लागला. एपीआयच्या कागदपत्रांनी हे कधीच जमलं नसतं.

उपकरणं फाइल म्हणून दाखवणं ही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी रीत. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमने ती टोकाला नेली. तिथे नेटवर्क कनेक्शनसुद्धा फाइल उघडूनच मिळतं. लिनक्समध्ये २००५ साली २.६.१४ या कर्नलबरोबर (सिस्टिमचा गाभा) फ्यूज आलं, आणि प्लॅन ९ चा फाइली वाटण्याचा ९पी प्रोटोकॉलही त्याच आवृत्तीत आला. फ्यूजमुळे कर्नलला हात न लावता साध्या प्रोग्राममधून फाइल सिस्टिम उभी करता येते. ओडब्ल्यूएफएस त्यावरच उभं आहे.

आता अडचणी. फाइल म्हटलं की बाकीची यंत्रणा काही गोष्टी गृहीत धरते, आणि सेन्सरच्या बाबतीत त्या खऱ्या नसतात.

पहिलं गृहीत, फाइलला आकार असतो. मी एकदा दुसऱ्या एका उपकरणासाठी फ्यूजवर छोटी फाइल सिस्टिम लिहिली. आकडा वाचेपर्यंत लांबी माहीत नसते, म्हणून आकार शून्य सांगितला. फाइल दिसायची, उघडायची, आणि रिकामी यायची. अर्धा दिवस मी वायरिंग तपासत बसलो. वायरिंग ठीक होतं. आकार शून्य म्हटल्यावर कर्नल माझ्या प्रोग्रामला पुढे काही विचारतच नव्हता. ‘डायरेक्ट आयओ’चा (आकार न बघता थेट प्रोग्रामला विचारण्याचा) पर्याय चालू केला आणि आकडे आले. स्वतः लिहायला घेणार असाल तर हे पहिल्या दिवशी करा.

दुसरं गृहीत, वाचणं फुकट असतं. हा सेन्सर १२ बिटांवर तापमान मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. दहा फाइली एकामागून एक वाचल्या की साडेसात सेकंद गेले. ओडब्ल्यूएफएसमध्ये ‘सायमल्टेनियस’ फोल्डर आहे. त्यातल्या फाइलमध्ये १ लिहिलं की सगळे सेन्सर एकदम मोजमाप सुरू करतात. मात्र त्यासाठी सेन्सरना पॉवरची वेगळी तार द्या, डेटाच्या तारेवरून वीज चोरून चालवू नका. शिवाय आकडा मुळात १५ सेकंद कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतो. अगदी ताजा हवा असेल तर ‘अनकॅश्ड’ फोल्डरमधून वाचावा लागतो. हे न सांगता फोल्डर कुणाच्या हाती दिलं, तर पुढे ते बॅकअपच्या यादीत जातं किंवा फाइल मॅनेजर प्रकार ओळखायला एकेक फाइल उघडत बसतो, आणि बसवर, म्हणजे सेन्सरच्या सामाईक तारेवर, विनाकारण गर्दी होते.

तिसरं म्हणजे चूक सांगण्याची भाषा. फाइल सिस्टिमकडे ठरावीक एरर कोड असतात, त्यापलीकडे शब्द नाही. या सेन्सरला वीज मिळाल्याबरोबर त्याच्या मेमरीत ८५ हा आकडा असतो. मोजमाप होण्याआधी वाचलं तर तोच मिळतो. शून्य अंशाजवळ चालणाऱ्या खोलीत ८५ दिसलं तर माणूस ओळखेल, स्क्रिप्ट ओळखेलच असं नाही. एपीआयमध्ये आकड्याशेजारी मोजल्याची वेळ आणि ‘भरवशाचा आहे की नाही’ अशी खूण देता येते. इथे एपीआय सरळ सरस आहे.

नेटवर्क तुटलं की फरक आणखी बोचतो. एचटीटीपीमध्ये किती थांबायचं ते आपण ठरवतो. रिमोट माउंट (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर) अडकलं तर नुसती फोल्डरची यादी मागणारी टर्मिनलही गप्प होते. एनएफएसचं (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची एक पद्धत, साम्बा ही दुसरी) नेहमीचं हार्ड माउंट सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत राहतं. म्हणून पायवर माउंट करून तेच फोल्डर साम्बा किंवा एनएफएसने पुढे वाटू नका. पायवर फक्त ओडब्ल्यूसर्व्हर हा ओडब्ल्यूएफएसचा सर्व्हर चालवा, पोर्ट ४३०४, आणि ज्याला फाइली हव्यात त्याने आपल्या लिनक्स मशीनवर माउंट करावं. कॅश सर्व्हरकडे असल्याने चौघांनी वाचलं तरी सेन्सरवर चौपट भार पडत नाही. ऑफिसातल्या विंडोजवाल्यांना माउंटच्या भानगडीत पाडायची गरज नाही. त्याच सर्व्हरवरून ओडब्ल्यूएचटीटीपीडी हा ओडब्ल्यूएफएसचाच वेब सर्व्हर सगळं ब्राउझरमध्ये दाखवतो, आम्ही तो २१२१ पोर्टवर ठेवलाय.

लिहिण्याबद्दल मी कडक आहे. याच बसवर डीएस२४१३ सारख्या चिपने रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवता येतो, आणि तोही फाइलमध्ये १ किंवा ० लिहून. म्हणजे चुकीच्या फोल्डरवर चाललेली एखादी कॉपीची कमांड पंखा बंद करू शकते, आणि कुणी, कधी, कशासाठी केला याची नोंद राहत नाही. लिनक्सच्या कर्नलनेही जीपीआयओ पिना (बाहेरची उपकरणं जोडायच्या पिना) फाइलींतून हलवण्याची जुनी सोय ४.८ नंतर मागे टाकली, कारण पिन कुणाच्या ताब्यात आहे हे फाइलवरून कळत नव्हतं आणि अनेक पिना एकदम बदलता येत नव्हत्या. आमच्याकडे ओडब्ल्यूसर्व्हर ‘रीडओन्ली’ चालतो. पंखे एपीआयमधून, नाव आणि वेळेच्या नोंदीसह.

अलार्मसाठी एमक्यूटीटी. हा प्रोटोकॉल १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटमार्गे नजर ठेवण्यासाठी बनला, आणि त्यातली ‘लास्ट विल’ ही सोय शीतगृहात सोन्यासारखी आहे. पायच बंद पडला तर ब्रोकर (निरोप पोचवणारा मधला सर्व्हर) आधीच ठरवून दिलेला निरोप सगळ्यांना पाठवतो. माउंट केलेल्या फोल्डरकडून अशी हाक येत नाही. तिथे आपणच दर मिनिटाला जाऊन विचारायचं, कारण उपकरणातला बदल आयनोटिफायला (फाइल बदलल्याची खबर देणारी लिनक्सची सोय) दिसत नाही.

आणि ओडब्ल्यूसर्व्हरच्या ४३०४ पोर्टला पासवर्ड नसतो. राउटरवर तो पोर्ट बाहेर उघडू नका. घरून बघायचं असेल तर वायरगार्ड किंवा एसएसएचच्या बोगद्यातून (कुलूपबंद जोडणीतून) या.