बोगोटात ६२० डॉलर माझ्याच हातांनी दिले

एकतीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली, आणि लुटला गेलो तो खोट्या नोटांच्याच नावाखाली. लिहायला लाज वाटते, पण कोलंबियाच्या या राजधानीत कोणी जाणार असाल तर वाचा.

सुवर्णसंग्रहालय पाहून आम्ही दोघं बाहेर पडलो. १९६९ साली गुहेत सापडलेला तो वीतभर सोन्याचा तराफा पाहून ही अजून त्याच तंद्रीत, आणि मी तळाशी सोनं मिळेल म्हणून ग्वाताविताचं तळं उपसायला निघालेल्या स्पॅनिशांच्या हावेवर हसतोय. सातव्या रस्त्याने बोलिवार चौकाकडे निघालो, तोच नकाशा घेतलेल्या एका पोराने बोटेरो म्युझियम विचारलं. तिथे तिकीटही लागत नाही, हेही मी हौसेने सांगितलं! पर्यटकाने पर्यटकाला रस्ता विचारला की पुढे चालू लागा.

तेवढ्यात साध्या कपड्यांतले दोघे आले. 'पोलीस. खोटे डॉलर फिरतायत.' पोराने लगेच पाकीट काढून दिलं, म्हणून मीही दिलं. ते त्यांचंच पिल्लू होतं, हे आता कळतंय.

त्या दोघांतल्या एकाने माझ्या नोटा पंख्यासारख्या उघडल्या आणि अंगठ्याने सरसर मोजल्या. मी मनात म्हटलं, वा, काय हात आहे! तिथेच कळायला हवं होतं. तपासणारा माणूस नोट चाचपतो, उजेडात धरतो. हा नुसता मोजत होता. पासपोर्ट तर उघडलाही नाही. पण २,६०० मीटरवर धाप लागलेली, भाषा येत नाही, अशा वेळी कोणाचं डोकं चालतं? नोटा लिफाफ्यात भरून, चिकटवून 'हॉटेलवर उघडा' म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं.

आत वर्तमानपत्राचे कपटे. गेले ६२० डॉलर आणि ३,८०,००० पेसो.

ओळखपत्र कोणी कितीही नाचवो, रस्त्यात पाकीट काढायचं नाही. चौकीत चला म्हणायचं, नाहीतर तिथला आणीबाणीचा नंबर १२३ फिरवायचा.

चौकीची तर कथाच वेगळी. तीन तास वीस मिनिटं बाकड्यावर. एकाने स्पॅनिश फॉर्म दिला, दुसऱ्याने तो परत घेऊन ऑनलाइन भरा म्हणून सांगितलं, तिसरा जेवायला गेला तो आलाच नाही. चोरांचं वर्णन कोणी विचारलंही नाही. परत आल्यावर विमावाल्यांनी तक्रारीचं प्रमाणित भाषांतर मागितलं. त्याचे २,४०० रुपये मोजले. मग कळवलं, या पॉलिसीत रोख रक्कम बसत नाही.