बिबड्या आमच्या, वेबसाइटचं नाव मात्र त्याचं

२०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस उरले होते. गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापणं चालू होतं, हात घाट्याने भरलेले, आणि सुरतहून एका जुन्या गिऱ्हाईक ताईंचा फोन आला. "अहो, तुमची वेबसाइट उघडतच नाहीये. काम बंद केलं का?" मी हात धुऊन मोबाइलवर पाहिलं, तर पान खरंच येत नव्हतं. त्या दिवसापासून पुढचे दोन महिने जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे. पापड, मसाला, लोणचं, शिवणकाम असा घरगुती धंदा करणाऱ्या आणि वेबसाइटचा विचार करणाऱ्या बायांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

आम्ही अमळनेरचे. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून ज्वारीच्या बिबड्या, कुरडया आणि काळा मसाला करतो. बिबडीचं काम सोपं नाही. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग भरडायची. पहाटे चुलीवर घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची, आणि ऊन चढायच्या आत ओल्या फडक्यावर थापून मोकळं व्हायचं. घाटा सैल झाला की बिबडी फडक्याला चिकटते आणि घट्ट झाला की वाळताना तडकते. हे सगळं सासूबाईंनी शिकवलं, म्हणून धंद्याला त्यांचंच नाव दिलं.

२०२४ च्या जानेवारीत जळगावला बचत गटांच्या प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. तिथे एक तरुण आला. बोलणं गोड, हातात टॅब. बिबडी चाखली, कार्ड घेतलं, आणि चार दिवसांनी फोन केला. "मॅडम, तुमच्यासारखा माल पुण्या-मुंबईत लोक शोधत असतात, पण तुम्ही गुगलवर दिसतच नाही. वेबसाइट करू, सहा महिन्यांत गुगलवर पहिला नंबर. लेखी देतो." लेखी म्हटल्यावर मला धीर आला. आता वाटतं, त्याच शब्दावर थांबायला हवं होतं. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. निकाल शोधणाऱ्याच्या गावाप्रमाणे आणि त्याने टाकलेल्या शब्दांप्रमाणे बदलतात. पैसे भरून वर येते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. जाहिरातीचे पैसे भरले म्हणून खालच्या साध्या निकालात जागा मिळत नाही.

वेबसाइटचे पस्तीस हजार, 'एसईओ'चे, म्हणजे गुगलच्या निकालात वर आणण्याच्या कामाचे, महिन्याला आठ हजार असे सहा महिने, आणि जाहिरातीसाठी दोन वेळा दहा-दहा हजार. एकूण एक लाख तीन हजार रुपये. तीनशे रुपये किलोने धरलं तर जवळजवळ साडेतीन क्विंटल बिबड्यांची विक्री. सगळे पैसे यूपीआयने दिले, त्याच्या वैयक्तिक नंबरवर. कंपनीच्या नावाचं बिल मागितलं की म्हणायचा, वर्षाअखेरीस एकदम देतो. त्याच्या कोटेशनवर जीएसटी नंबर नव्हता, हेही मी नंतर पाहिलं.

ऑगस्टमध्ये तो घरी आला आणि आमच्या समोर टॅबवर शोधून दाखवलं. आम्ही खरंच पहिले! जाऊबाईंनी त्याला चहासोबत शेव-चिवडा दिला, सासूबाईंच्या फोटोपुढे पेढे ठेवले. त्याने टाइप केलं होतं आमच्या धंद्याचं पूर्ण नाव, पुढे 'बिबडी' आणि पुढे 'अमळनेर'. आपलंच नाव टाकल्यावर आपण वर येणारच, तिथे दुसरा असणार कोण? ज्याला आमचं नाव माहीत नाही, तो 'ज्वारीचे पापड ऑनलाइन' किंवा 'खान्देशी काळा मसाला पुणे' असं शोधेल. त्या शब्दांवर पहिल्या पाच पानांतसुद्धा आम्ही नव्हतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोणी तुम्हाला निकाल दाखवत असेल तर शब्द तुम्ही सांगा, आणि शोधा तुमच्या मोबाइलवर, तोही खासगी खिडकीत म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये. ज्या मोबाइलवरून रोज तीच वेबसाइट उघडली जाते, त्यावरचा निकाल खरा मानायचा नाही.

दर महिन्याला पीडीएफचा अहवाल यायचा. रंगीत आलेख, अकरा हजार लोक येऊन गेले, बारा हजार येऊन गेले. त्याच महिन्यात ऑर्डर आल्या नऊ, त्यातल्या सहा ओळखीच्या. मी विचारलं तर म्हणाला, "आधी ट्रॅफिक वाढतं मॅडम, मग विक्री." माझ्या नणंदेचा मुलगा जळगावला कॉम्प्युटरचं शिकतो. दिवाळीत त्याने तो अहवाल पाहिला आणि शहरांच्या यादीवर बोट ठेवलं. बहुतेक गावं परदेशातली, आणि प्रत्येक जण एक-दोन सेकंदांत निघून गेलेला. म्हणाला, "मामी, ही माणसं नाहीत, या यंत्राने केलेल्या खोट्या भेटी आहेत. असले आकडे विकत मिळतात." मी तेव्हाही त्या पोराला गप्प केलं. इतके पैसे गेले होते की ते फुकट गेले हे ऐकायची तयारी नव्हती. त्याचं तेव्हा ऐकलं असतं तर निदान पुढचं टळलं असतं.

पुढचं म्हणजे रिव्ह्यू. गुगल मॅपवर आमच्या धंद्याची नोंद जावेच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी स्वतः केली होती. ती नोंद मोफत असते. तिच्यावर गिऱ्हाइकांनी लिहिलेले एकसष्ट रिव्ह्यू होते. नाशिकच्या एका आजींनी लिहिलं होतं की ही बिबडी तळल्यावर घरभर माहेरचा वास येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत आठवड्याभरात अचानक चाळीस नवे रिव्ह्यू आले, सगळे पाच तारे. एकात खोल्या स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्यात डॉक्टरांचा स्वभाव चांगला असल्याचं. मी घाबरून फोन केला, तर तो म्हणाला की हे त्याच्या पॅकेजमध्येच आहे. मार्चमध्ये गुगलने नोंद निलंबित केली. कागदपत्रं जोडून अर्ज केला, वीजबिल, अन्न परवान्याचं प्रमाणपत्र, घराच्या पाटीचा फोटो. नोंद काही आठवड्यांनी परत मिळाली. चाळीस खोटे गेले, पण त्यांच्यासोबत खऱ्यांतलेही बरेच गेले. त्या आजींचा रिव्ह्यू परत आला नाही. पैसे गेल्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

आणि मग एप्रिलमध्ये वेबसाइटच बंद. भाच्याने हूइज म्हणजे डोमेनच्या, वेबसाइटच्या पत्त्याच्या, नावनोंदणीची माहिती काढली. स्क्रीनकडे बघत तो घरच्या बोलीत म्हणाला, "मामी, आठे तुमनं नाव कोठेच नही." मालकाच्या जागी त्या तरुणाच्या फर्मचं नाव. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर एका वर्षासाठी घेतलं होतं, वर्ष संपलं, त्याने भरणा केला नाही. होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, तीही त्याच्या खात्यावर. जाहिरातीचं खातं त्याचं, त्यामुळे आमच्या वीस हजारांपैकी खरोखर किती जाहिरातीत गेले ते आजही कळलेलं नाही. फोन केला तर म्हणाला, नूतनीकरण आणि नावावर करून देण्याचे अठरा हजार लागतील. त्या डोमेनचा वर्षाचा खर्च हजाराच्या आसपास असतो. सासूबाईंचं नाव त्याच्याकडे गहाण पडल्यासारखं झालं.

जानेवारीतच आम्ही पाच हजार पाकिटं छापून घेतली होती, प्रत्येकावर त्या वेबसाइटचा पत्ता. आखाजीला लेकी माहेरी येतात, जाताना बिबड्या-कुरडया बांधून नेतात, त्यांच्याकडूनच पुढच्या वर्षीची गिऱ्हाइकं मिळतात. त्या सगळ्या पाकिटांवर बंद पत्ता गेला.

१९३० वर फोन केला. तो नंबर सायबर फसवणुकीसाठी आहे आणि पैसे गेल्याबरोबर लगेच फोन केला तर पुढे जाणारी रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. आमचे पैसे महिन्यांपूर्वी, स्वतःच्या हाताने, कामाचे म्हणून दिलेले. ओळखीच्या वकीलबाईंनी दुसरा रस्ता सांगितला. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला एरवी ग्राहक कायदा लागू होत नाही, पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली असेल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे दाद मागता येते. तक्रारही आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही आधी नोटीस पाठवली, मग तक्रार दाखल केली. तारखा चालू आहेत. आमच्या बाजूने जे काही उभं आहे ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्यावर आणि यूपीआयच्या नोंदींवर. तेव्हा बोलणं फोनवर झालं तरी नंतर दोन ओळी लिहून पाठवत जा, 'आज असं ठरलं' म्हणून. आणि चॅट पुसू नका.

डोमेन परत मिळवायला भांडता येतं, पण त्या नावावर आपला हक्क दाखवावा लागतो. आमचा ट्रेडमार्क, म्हणजे धंद्याच्या नावाची सरकारी नोंदणी, नव्हता. आता अर्ज केला आहे. लहान उद्योगाला किंवा एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, ४,५०० रुपये आहे. त्याला दिलेल्या एका महिन्याच्या आठ हजारांत हे आधीच झालं असतं.

वेबसाइट करू नका असं मी म्हणत नाही. आम्ही पुन्हा केली. पण या वेळी डोमेन आधी आम्ही विकत घेतलं, माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डाने, आणि मग काम करणाऱ्याला फक्त आत यायची परवानगी दिली. सर्च कन्सोल नावाची गुगलची सोय मोफत आहे, त्यात लोक कोणते शब्द शोधून आपल्याकडे आले ते दिसतं. ते मी स्वतः दर सोमवारी पाहते. आकडे लहान आहेत. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त लोक 'बिबडी कशी तळायची' शोधून आले, कारण जावेने त्यावर एक पान लिहिलं, तेल किती तापवायचं, बिबडी फुलताना झारा कुठे दाबायचा, सगळं तिच्या शब्दांत. जाहिरात द्यायचीच तर खातं आपलं, रोजची मर्यादा आपण ठरवलेली, बिल आपल्या ईमेलवर.

जुन्या पाकिटांपैकी तीन हजारांच्या वर शिल्लक आहेत. फेकवत नाहीत. दुपारी ऊन उतरलं की मी आणि जाऊबाई ओट्यावर बसतो आणि एकेका पाकिटावर जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याचं स्टिकर लावतो. नीट दाबून, कडा उचलू नये म्हणून अंगठ्याने दोनदा फिरवून. काल अडीचशे झाली.