एंचिलाडासाठी मक्याचे तयार तोर्तिया: इंदुरात घ्यावेत का?

घ्यावेत, पण पाकिटावरचे घटक वाचून. तोर्तिया म्हणजे मेक्सिकोची पातळ पोळी; सारण भरून गुंडाळली, वर सॉस घालून भाजली की एंचिलाडा. पहिला घटक मैदा असेल तर ठेवून द्या. सॉसमध्ये त्याचा लगदा होतो. अस्सल तोर्तियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, म्हणून तो वळतो. आपलं साधं मक्याचं पीठ भाकरीला झकास, इथे मात्र तडकतं.

फ्रीजमधून काढून थेट गुंडाळले तर हेही फाटतात. प्रत्येक तोर्तिया गरम तेलात दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेकंद फिरवा. मऊ पडतो आणि सॉस कमी पितो. आठ तोर्तियांना ३०० ग्रॅम उकडून तंतू सुटे केलेलं चिकन, दोन कप दाटसर लाल मिरचीचा सॉस, वर मोझरेला. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर २० मिनिटं.

शेव? इंदूरकरांचा हात थांबायचा नाही, पण वाढतानाच घाला, ओव्हनमध्ये करपते.