दहा महिने, दोन वाटा: बरगंडीच्या द्राक्षमळ्यांतून सायकल चालवल्यानंतरचा अनुभव

गेल्या मार्चमध्ये कामानिमित्त शालों-सुर-सोनला राहायला आले. पूर्व फ्रान्समधलं, बरगंडी प्रांतातलं, सोन नदीकाठचं मध्यम आकाराचं गाव. दुसऱ्याच आठवड्यात एक जुनी टूरिंग सायकल विकत घेतली आणि तेव्हापासून या जानेवारीपर्यंत जवळजवळ प्रत्येक सुट्टी इथल्या दोन मोटारमुक्त वाटांवर गेली. मीटरवर आज २,३०० किलोमीटर दिसतायत. लोक इथे बहुतेक चार दिवसांसाठी येतात. मी त्याच वेली उघड्या फांद्यांपासून परत उघड्या फांद्यांपर्यंत पाहिल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली वाट म्हणजे जिव्री ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरचा ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हरित मार्ग. १९९७ साली जुन्या रेल्वेमार्गावर हा तयार झाला आणि फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला मार्ग म्हणून याचं नाव घेतात. रूळ काढून त्या जागी डांबर घातलंय. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ इतका सौम्य की गिअर बदलायची आठवणच राहत नाही. मोटारींना पूर्ण बंदी. ब्युसी, सँ-जांगू, कोर्मातां अशी गावं लागतात, जुन्या स्टेशनांच्या इमारती अजून उभ्या आहेत. शालोंहून जिव्रीपर्यंतही सायकलीची वाट आहे, त्यामुळे मला घरातून निघून मोटारींच्या गर्दीत शिरावंच लागत नाही.

शांतता खरी आहे का? आहे, पण ती रिकामी शांतता नव्हे. पहिल्या महिन्यात मला फक्त आपल्याच चेनचा आवाज यायचा. मग हळूहळू बाकीचे आवाज वेगळे कळायला लागले: मळ्यात तारा ओढून घट्ट करताना होणारी किरकिर, दूरच्या गावातली दुपारची घंटा, छाटणीच्या कात्रीची टिकटिक. हॉर्न ऐकून दचकायची सवय सुटायला मला साधारण सहा आठवडे लागले. रविवारी मात्र स्केटिंगवाले, लहान मुलं, कुत्री घेऊन फिरणारी कुटुंबं असतात, तेव्हा घंटी हवीच.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. या वाटेवर सगळीकडे द्राक्षं नाहीत. जिव्रीपासून सँ-जांगूच्या आसपासपर्यंत पश्चिमेच्या उतारावर मळे दिसत राहतात. जिव्रीची बहुतेक वाइन लाल; ब्युसीच्या वर मोंतान्यी, तिथली वाइन फक्त पांढरी. त्यापुढे कुरणं सुरू होतात आणि पांढऱ्याशुभ्र शारोले गाई. मग तेझे आणि क्ल्युनी. क्ल्युनीचा मठ दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. रोममधलं आजचं सेंट पीटर्स बांधलं जाईपर्यंत इथलं चर्च ख्रिस्ती जगात सगळ्यांत मोठं होतं. राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि दगडांसाठी फोडलं गेलं. आज एका बाजूचा थोडा भाग आणि मनोरे शिल्लक आहेत. सायकल टेकवून मी त्या उरलेल्या भिंतीची उंची बघत राहिले आणि जे गेलं ते केवढं असेल याचा अंदाज बांधत राहिले. इथे अर्धा दिवस हाताशी ठेवा.

क्ल्युनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा आहे. आत दिवे आहेत, पण जुलैच्या भर दुपारीही थंडी अंगावर येते, जॅकेट बरोबर असू द्या. पलीकडे पुन्हा द्राक्षमळे आणि दूरवर सोल्युत्रेचा कडा. हिवाळ्यात हा बोगदा वटवाघळांच्या झोपेसाठी बंद असतो. नोव्हेंबरच्या शेवटी मी तारीख न बघता गेले आणि दाराला कुलूप. मग खिंडीच्या रस्त्याने, मोटारींच्या सोबतीने चढून पलीकडे उतरावं लागलं. आठ महिन्यांनंतर पाठीमागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकला तेव्हा हात हँडलवर किती घट्ट आवळले गेले ते जाणवलं.

दुसरी वाट बोनहून सांतनेला जाणारी, ‘व्वा दे व्हीन्य’, द्राक्षवेलींची वाट. अंतर वीस-बावीस किलोमीटर. ही खरी मळ्यांच्या आतून जाते: पोमार, व्होलने, मरसो, पुलिन्यी-मोंराशे. जगातल्या सगळ्यांत महागड्या शेतजमिनींपैकी काही इथे हाताच्या अंतरावर आहेत, मध्ये फक्त कमरेएवढी दगडी भिंत. इथल्या शेताच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव आहे. त्याला ‘क्लिमा’ म्हणतात आणि अशा १,२४७ क्लिमांना २०१५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण वाट सपाट नाही. छोटे, तीव्र चढ आहेत आणि काँक्रीटचे पट्टे काही ठिकाणी फुटलेत. शिवाय ही वाट शेतकऱ्यांची आहे, आपण पाहुणे. ट्रॅक्टर आला की उतरून बाजूला व्हायचं.

जूनमध्ये अण्णा आले होते. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, अण्णांचं सगळं आयुष्य मांडवाखाली गेलेलं. बोनमध्ये त्यांच्यासाठी सायकल भाड्याने घेतली. पुलिन्यीच्या अलीकडे ते थांबले, वाकले आणि वेलीच्या खोडाला वीत लावली. जमिनीपासून पहिल्या तारेपर्यंत जेमतेम तीन विती.

“अगं, एवढी बुटकी वेल? आणि ओळीत मीटरभर पण जागा नाही. यात ट्रॅक्टर घालायचा कसा?”

तेवढ्यात वरच्या बाजूने तो आलाच. उंच पायांचा ट्रॅक्टर, वेलींची ओळ पोटाखालून सोडत, दोन्हीकडच्या सरींतून चाकं चालवत. अण्णा टोपी हातात घेऊन तो पार दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग हिशेब सुरू. इथे हेक्टरी साधारण दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लावली तर साडेनऊशेच्या आसपास. पानांवर निळसर डाग दिसले तेव्हा त्यांनी पान उलटं केलं, बोटाने पुसलं आणि म्हणाले, “बोर्डोच आहे.” मोरचूद-चुन्याचं ते मिश्रण याच देशातल्या बोर्दोहून आमच्या बागेत पोचलं, हे त्यांना नावावरून माहीत होतं, पण फ्रान्सच्या पानावर ते बघताना त्यांचा चेहरा फुलला होता. अण्णा माळकरी. वाइनचा थेंबही घेतला नाही, आणि तरी इतका आनंदी सायकलप्रवास मी दुसऱ्या कोणाबरोबर केलेला नाही.

याचसाठी मी म्हणते की मळे बघायचे असतील तर वेगवेगळ्या ऋतूंत या. मार्चमध्ये छाटलेल्या काड्या जाळायच्या चाकाच्या शेगड्या मळ्यांतून फिरत असतात. एप्रिलमध्ये ओळींच्या टोकांना मेणाचे डबे मांडून ठेवलेले दिसले. एका पहाटे दव गोठायची भीती होती तेव्हा ते पेटले आणि सकाळी सगळ्या उतारावर धुराचा वास होता. निफाडला पारा घसरला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, तोच जागता वास. फरक एवढाच की आमच्याकडे तेव्हा घड भरत आलेले असतात आणि इथे डोळे नुकते फुटत असतात. जूनमध्ये फुलोरा, तिथून शंभरेक दिवसांनी तोडणी. सप्टेंबरमध्ये या वाटेवर सायकल दामटू नका. तोडणाऱ्यांच्या गाड्या, क्रेट, ट्रेलर यांचीच ये-जा असते, आणि ती बघायलाच थांबायचं असतं.

फवारणी चालू असेल तर वारा कुठून येतोय ते बघा आणि लांब थांबा. गंधकाचा वास नाकाला ओळखीचा असला तरी घशाला बरा नाही.

सायकलीबद्दल थोडं. २८ मिलिमीटरचे टायर घेऊन सुरुवात केली. हरित मार्गावर उत्तम, मळ्यांच्या वाटेवर हात बधीर. मेमध्ये ३८ चे घातले आणि प्रश्न संपला. मागच्या चाकाची एक स्पोक मात्र पोमारजवळ तुटली. दोन्ही पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, सामान आणि खाली फुटकं काँक्रीट. ज्या दुकानातून सायकल घेतली त्यांनी चाक तपासून दिल्याचं सांगितलं होतं, पण उघडल्यावर बाकीच्या स्पोकाही सैल निघाल्या. जुनी सायकल घेताना प्रत्येक स्पोक दोन बोटांत दाबून बघाच. हरित मार्गावर रस्ता ओलांडताना जे अडसर लावलेत त्यांतून भरलेले पॅनियर घेऊन वळणं त्रासाचं आहे, आणि काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी डांबर वर उचललंय.

पाणी: गावाच्या दफनभूमीत फुलांसाठी नळ असतो. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर सायकलवाले तिथेच बाटली भरतात. अण्णा फाटकाशी क्षणभर घुटमळले, मग हात जोडून आत आले आणि बाटली भरली. जेवण: बारा ते दोन दुकानं बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्याही बंद. शाकाहारी असाल तर पाव, चीज, टोमॅटो पिशवीत ठेवाच. वाइन चाखून सायकल चालवणार असाल तर लक्षात ठेवा, रक्तातल्या अल्कोहोलची लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. शालों ते बोन लोकल गाडीत मला सायकलीसाठी वेगळं तिकीट लागलं नाही, पण हुक मोजकेच असतात, लवकरची गाडी पकडा. परतताना सांतनेहून कालव्याच्या काठाने सायकलवरच शालोंला येता येतं. तो सपाट काठ दमलेल्या पायांना फार बरा वाटतो.

फक्त निवांतपणा हवा असेल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर ब्युसी ते क्ल्युनी. द्राक्ष हवं असेल तर बोन ते सांतने, आणि घाई अजिबात न करता. एकच दिवस असेल तर मी दुसरी निवडीन.

ऑक्टोबरमध्ये इथली पानं पिवळी होऊन गळत होती तेव्हा अण्णांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू होती. इथे वर्षातून एकदाच छाटतात हे त्यांना अजून पटत नाही. फोनवर विचारत होते, “काडी किती डोळ्यांवर ठेवतात ते बघून सांग.” गेल्या रविवारी मरसोच्या खालच्या मळ्यात भिंतीशी सायकल लावली, छाटणाऱ्या बाईंना विचारलं आणि त्यांच्या परवानगीने मोजलं. एक लांब काडी सहा डोळ्यांची, खाली दोन डोळ्यांचा एक खुंट. फोटो पाठवलाय. अण्णांचं उत्तर आलं: “पुढची वेल पण मोज.”