रिमूव्हर की ब्लास्टिंग? पद्मिनीचा जुना रंग काढताना

माझ्याकडं 1978 ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, सगळे पार्ट ओरिजिनल, म्हणून रंग काढायच्या आधी लई डोकं खाजवलं. बॉनेट, दरवाजे असल्या पातळ पत्र्याला माझं मत सरळ रिमूव्हर, म्हणजे रंग मऊ करून सोडवणारं केमिकल, कारण सँड ब्लास्टिंगच्या, म्हणजे हवेच्या दाबानं वाळू मारायच्या, माऱ्यानं सपाट पत्रा फुगतो, लाटा येतात आणि मग ते झाकायला वरून लांबीच लांबी (पुट्टी) भरा. मी अक्कलकोट रोडला एकाकडं डिकीचं झाकण दिलं होतं, परत आलं तर हात फिरवला की खालीवर लागायचं, आता तसलं झाकण कुठनं आणू सांगा!

पण रिमूव्हर पण काय सोपं नाही ओ. सोलापूरच्या मे महिन्यात फासलं की वाळतंच, म्हणून सकाळी सातच्या आत लावायचं, वरून प्लास्टिक पसरायचं, रंग सुरकुतला की बोथट पटाशीनं अलगद ओढायचा. तीन थर निघाले माझ्या बॉनेटचे, सगळ्यात खाली कंपनीचा मूळ रंग. सांध्यात रिमूव्हर राहिलं तर नवा रंग उचलतो, तिथं नीट धुवायचंच. हातमोजे पाहिजेत, आणि बंद खोलीत अजिबात नको.

व्हीलच्या रिम, सस्पेन्शनचे आर्म असलं जाड लोखंड मात्र ब्लास्टिंगलाच द्या, खाचाखोचातला गंज घासून नीट निघत नाही. त्याच दिवशी प्रायमर मारा, उघडा पत्रा लगेच गंज धरतो. अल्युमिनियमच्या पार्टला रंग काढायला कॉस्टिक सोडा लावू नका, पार्टच खातो.