गाळ्यात गहाणवटीचा धंदा: परवान्यावर तक्रार करावी की गाळा खाली करण्याचा दावा लावावा?

किराणा दुकानासाठी दिलेला गाळा. पुढे बरण्या तशाच, पण आतल्या टेबलावर सोनं तोलायचा काटा, आणि भिंतीवर सावकारीचा परवाना, त्यावर पत्ता आपल्याच गाळ्याचा. माझ्या मावशीने हे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "आधी याचा परवाना रद्द करून आणते." तिचा राग रास्त होता, पण वाट चुकीची होती असं मला आजही वाटतं.

महाराष्ट्रात अशा मालकापुढे दोन दारं असतात. एक सावकारीचे परवाने पाहणाऱ्या सहकार खात्याचं, दुसरं कोर्टाचं.

खात्याचं दार सोपं दिसतं. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली दिलेल्या परवान्याची मुदत 31 मार्चला संपते, मग नूतनीकरण. परवाना चालू असताना तो रद्द व्हावा म्हणून कुणीही अर्ज करू शकतं, म्हणजे मालकही. खर्च किरकोळ. पण निबंधक, म्हणजे सहकार खात्याचा अधिकारी, तपासणार ते सावकाराचं वागणं: व्याज जादा घेतलं का, गहाण वस्तूची पावती दिली का, हिशेब खरे आहेत का. "मी गाळा किराण्यासाठी दिला होता" हे गाऱ्हाणं मालक आणि भाडेकरू यांच्यातलं आहे, त्याचा निकाल तिथे लागत नाही. समजा परवाना रद्द झालाच, तरी भाडेकरू भाडेकरूच राहतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फक्त डाळ-तांदूळ विकू लागला, तर वापर बदलल्याचा तुमचा मुद्दाच लंगडा होतो. परवाना गेला आणि गाळाही मिळाला नाही, अशी गत.

कोर्टाचं दार जड आहे, पण गाळा परत मिळायचा तर तिथूनच. मुंबईत लघुवाद न्यायालय, इतरत्र बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायाधीश. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 मध्ये उपयोगी पडतील अशी कारणं आहेत: ठरल्यापेक्षा वेगळा वापर, पोटभाडेकरू ठेवणं, किंवा दाव्याच्या लगत आधी सलग सहा महिने जागा मूळ कामासाठी सबळ कारणाशिवाय न वापरणं. शेवटच्या कारणात एक खाच आहे. पुढे किराणा खरोखर चालू असेल, तर "मूळ वापर बंद नाही" असं भाडेकरू सांगणार, आणि ते खोडणं कठीण.

सगळ्यात मोठी अडचण करारनाम्याची. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा कागद नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. दुसरं, गहाणवट चालते हे माहीत असूनही तुम्ही वर्षानुवर्षं मुकाट भाडं घेतलं असेल, तर "मालकाची मूक संमती होती" हा बचाव येणारच. म्हणून कळल्या दिवशीच वकिलाकडून लेखी हरकत पाठवा. दावा वर्षानुवर्षं चालू शकतो, त्याची तयारी ठेवा.

भाडेकरू ही सोनेतारण कर्ज देणारी कंपनी असेल तर हिशेबच वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितलं. परवान्याचा मुद्दाच उरत नाही. शिवाय कंपनीचं भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा जास्त असेल, तर तिला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षणही नाही. अशा वेळी करारातली मुदत आणि नोटिशीची अट आधी वाचा.

खात्याकडे मी कधी जाईन? कोऱ्या कागदावर सह्या घेताना दिसल्या, कुणा बाईचं मंगळसूत्र पावतीशिवाय आत गेलं, तर त्याच दिवशी. तिथे गाळ्याचा हिशेब मनात आणू नये.

आणि कुलूप मात्र कधीही लावू नका. आतल्या पुड्यांमधले दागिने भाडेकरूचे नाहीत, गरजेपोटी ठेवून गेलेल्या लोकांचे आहेत. शिवाय बेकायदा ताबा काढला तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मिळवू शकतो.

मावशीने शेवटी खात्याकडे तक्रार केली नाही, माहितीच्या अधिकारात परवान्याची प्रत मागितली. प्रतीवर नाव भाडेकरूचं नव्हतं, त्याच्या मेहुण्याचं होतं. वकिलांनी ती दोनदा वाचली आणि दाव्यात पोटभाडेकरूचा मुद्दा घातला. पुढच्या तारखेला मेहुण्याने सांगायचं आहे की तो त्या गाळ्यात कुठल्या हक्काने बसतो.