फेअर्स अहवाल : परदेशात खाद्यपदार्थ पाठवण्याआधी हे वाचाच

निर्यातीच्या खाद्यपदार्थांची लेबलं आणि कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. नव्या देशाची ऑर्डर आली की मी आधी अमेरिकी कृषी खात्याचा त्या देशावरचा फेअर्स अहवाल, म्हणजे त्या देशाच्या खाद्यपदार्थ आयातीच्या नियमांचा आढावा, उघडते. मोफत आहे, खात्याच्या ‘गेन’ संकेतस्थळावर देश निवडला की सापडतो, आणि कुठल्याही देशाचा निर्यातदार तो वाचू शकतो.

त्या त्या देशातलं अमेरिकी दूतावासाचं कृषी कार्यालय हा अहवाल लिहितं. अन्नकायदा, लेबल, पॅकिंग, अ‍ॅडिटिव्ह, कीडनाशकांचे अंश, नोंदणी, आयातीची प्रक्रिया, शेवटी संबंधित खात्यांचे संपर्क. सगळ्या देशांसाठी मांडणी साधारण हीच असल्यामुळे दोन अहवाल शेजारी उघडून ताडून बघता येतात, आणि मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

तिळाचंच घ्या. युरोपीय संघाच्या 14 अ‍ॅलर्जनांत (अ‍ॅलर्जी होऊ शकते म्हणून लेबलवर लिहावेच लागणारे घटक) तीळ आहे. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तो नववा सक्तीचा अ‍ॅलर्जन झाला. जपानमध्ये मात्र तीळ लिहिण्याची फक्त शिफारस आहे, सक्ती नाही. उलट बकव्हीट (कुट्टू) जपानमध्ये लिहावंच लागतं आणि युरोपच्या यादीत ते नाहीच. तेव्हा एकच लेबल तिन्हीकडे चालवायचा मोह टाळा.

कीडनाशकांच्या भागात नियमाची चौकट मिळते. युरोप आणि जपान दोन्हीकडे, ज्या रसायनाची मर्यादा ठरवलेली नाही त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. पण तुमच्या पिकाचा नेमका आकडा हवा असेल तर त्या देशाच्या अधिकृत डेटाबेसमध्येच जावं लागतं; अहवालावर भागत नाही.

पहिल्या पानावरची तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. चीनने आदेश क्रमांक 248 नुसार 1 जानेवारी 2022 पासून परदेशी अन्न उत्पादकांना नोंदणी सक्तीची केली. त्याआधीचा अहवाल हातात धरून माल भरला तर तो बंदरातच अडकेल.

मोठी उणीव म्हणजे हे सगळं अमेरिकी निर्यातदारासाठी लिहिलेलं आहे. प्रमाणपत्रांचा वेगळा अहवाल असतो, त्यात कोणत्या मालाला कोणतं प्रमाणपत्र आणि त्यात काय हमी हवी ते छान दिलेलं असतं, पण ते देणारी खाती अमेरिकेची. बाकीच्यांनी तिथे आपल्या देशाचं खातं धरायचं आणि अमेरिकेशी झालेले खास करार बाजूला ठेवायचे. या कारणासाठी मी पाचपैकी चारच गुण देईन.

अहवालात एक इशाराही छापलेला असतो: आयातीची अंतिम मंजुरी माल पोचताना तिथले सीमेवरचे अधिकारी नियमाचा जो अर्थ लावतील त्यावर अवलंबून. हे वाक्य मी फार गांभीर्याने घेते. लेबल छापायला देण्याआधी त्याचा मसुदा आयातदाराकडे पाठवते आणि तिथल्या खात्याकडून लेखी होकार मागवून घ्यायला सांगते. आयातदार कंटाळतात, तरी मी सोडत नाही.

सोबत जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ई-पिंग’ या नियमबदल कळवणाऱ्या संकेतस्थळावर आपला माल आणि देश निवडून ईमेल सूचना सुरू करा. तीही मोफत आहे. प्रस्तावित नियम तिथे आधी कळतो आणि हरकती नोंदवायला सहसा 60 दिवस मिळतात.